४ डिसेंबरचं सर्वेक्षण: तिसरीच्या मुलाकडून घरी काय करून घ्यायचं?

आबोली (साखळी) · १८ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. माझा मुलगा सरकारी प्राथमिक शाळेत, मराठी माध्यमात, तिसरीत आहे. पालकसभेत टीचरनं सांगितलं की ४ डिसेंबरला 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' आहे, आपली शाळा त्यात निवडली गेलीय, त्या दिवशी मुलाला नक्की पाठवा. एवढंच. सभा सुटली आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जो धुमाकूळ सुरू झाला तो अजून चालू आहे. एकजण म्हणते यात कमी पडले तर चौथीत घेणार नाहीत. दुसरी म्हणते गुण दाखल्यावर येणार. तिसऱ्यानं एका खाजगी क्लासचं पत्रक टाकलं, 'सर्वेक्षण विशेष सराव, पंधरा दिवसांत हमखास तयारी'. फी वाचून मी फोनच उलटा ठेवला.

माझे प्रश्न साधे आहेत. ही परीक्षा आहे का? गुण येतात का? घरी काय करून घ्यायचं? नवरा कारखान्यात शिफ्टला, मी दुकानात. संध्याकाळचा तासभर मिळतो, त्यातच जेवणही करायचं असतं. वाचतो बऱ्यापैकी, पण 'र' कुठे खाली, कुठे वर आला की अडतो. वजाबाकीत तर रोज भांडण.

मास्तरीण (सत्तरी) · १८ नोव्हेंबर २०२४

आबोली, आधी त्या क्लासवाल्याला नको म्हणून कळव, बाकीचं मग बोलू.

मी सरकारी प्राथमिक शाळेतच शिकवते. एका खोलीत पहिली ते चौथी आणि शिक्षक मी एकटी. 'परख' हे एनसीईआरटीतलं मूल्यमापन केंद्र, २०२३ साली सुरू झालेलं. याआधी अशीच पाहणी २०१७ आणि २०२१ साली 'राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण' या नावानं झाली. तेव्हा तिसरी, पाचवी, आठवी असे वर्ग होते, २०२१ला दहावीही होती. आता नव्या शैक्षणिक धोरणातल्या टप्प्यांना धरून तिसरी, सहावी आणि नववी. तिसरीला भाषा आणि गणित हे दोनच विषय, प्रश्न पर्यायी उत्तरांचे.

शितावरून भाताची परीक्षा करतात ना, तसला हा प्रकार. सगळ्या शाळा घेत नाहीत, निवडक घेतात. वर्ग मोठा असला तर त्यातलीही निवडक मुलं. निकाल येतो तो जिल्ह्याचा आणि राज्याचा, म्हणजे गोव्याचा. तुझ्या मुलाच्या नावापुढे गुण येत नाहीत, प्रगतिपुस्तकात काही चढत नाही, चौथी अडत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ मुळात प्राथमिक वर्गात कुणाला मागे ठेवू नका असंच सांगत होतं. २०१९च्या दुरुस्तीनं राज्यांना मुभा मिळाली ती पाचवी आणि आठवीपुरती. तिसरीचा त्यात संबंध नाही.

मग टीचर 'नक्की पाठवा' का म्हणाली? कारण हजेरी बिघडली की चित्र बिघडतं. हुशार तेवढी आली तर जिल्हा फुगतो, आणि ज्यांच्यासाठी पाहणी केली तीच मुलं कागदावरून गायब होतात. 'तुमचा जरा कच्चा आहे, त्या दिवशी घरीच राहू दे' असं कुणीही सुचवलं तरी ऐकू नका.

आणि हो, ३ डिसेंबरला सायबाच्या, म्हणजे सेंट झेवियरच्या, फेस्ताची सुट्टी. यंदा जुन्या गोव्यात शवप्रदर्शनही आहे, गर्दी तुफान असणार. शिवाय गावागावांत जत्रा आणि कालेही सुरू झालेत. मुलाला दशावतार दाखवा की, कोण नको म्हणतं. फक्त ३ तारखेची रात्र सोडून.

रगाडो (फोंडा) · १९ नोव्हेंबर २०२४

मास्तरीणबाई, गुण येत नाहीत, नाव येत नाही, तर पालकानं यात डोकं का घालायचं? सरकारला जिल्हा मोजायचाय, मोजू दे. आमच्या हातात काय पडणार?

मास्तरीण (सत्तरी) · १९ नोव्हेंबर २०२४

त्या दिवसाचं म्हणाल तर काहीच पडणार नाही. पण जे मोजतात ते वाईट नाही. न पाहिलेला उतारा वाचून कळतो का, दोन अंकी संख्या लहान-मोठी कळते का, हातच्याची वजाबाकी येते का. पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा म्हणणारी मुलं माझ्याकडेही आहेत. त्याच अक्षरांचं दुसरं पान पुढे ठेवलं की थांबतात. धडा पाठ असतो, वाचन आलेलं नसतं. ते घरी लवकर लक्षात येतं, कारण घरात एकच मूल समोर असतं. माझ्यासमोर चार इयत्ता असतात.

आबोलीच्या दोन्ही तक्रारींबद्दल सांगते.

'र' मराठी वाचनात सगळीकडेच नडतो. पर्वत, प्रकाश, ट्रक, कुऱ्हाड अशी त्याची रूपं. चारही प्रकारचे शब्द एका कागदावर मिसळून लिही आणि रोज पाचच वाचून घे. चुकला तर सांगून टाक. 'आठव, आठव' म्हणत बसू नकोस, त्यात आठवत काही नाही, रडू येतं.

वजाबाकीचं: ५२ वजा २७ दे. उत्तर ३५ आलं तर समज, तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढतोय, पाचातून दोन तीन आणि सातातून दोन पाच. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की पर्यायी प्रश्नात ३५ हा पर्याय ठेवतातच, आणि मूल आपलं उत्तर समोर छापलेलं बघून खूश होऊन खूण करतं. अजून गणितं घालून हे सुटत नाही. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी हातात दे आणि २७ रुपये माग. सात रुपये द्यायला नोट मोडावीच लागते. मोडलेली नोट म्हणजेच हातचा. हे हातानं केल्यावरच वहीकडे वळ.

तारवटी · २० नोव्हेंबर २०२४

जहाजावरून लिहितोय, नेट मिळेल तेव्हा. घर वास्कोला, मुलगी तिसरीत. वर्षातले बरेच महिने मी बाहेर, त्यामुळे 'संध्याकाळी बसून अभ्यास घ्या' हा सल्ला आमच्यासारख्यांना निरुपयोगी. आमचं असं चालतं: मी व्हॉइस मेसेजवर एक हिशेब पाठवतो, ती उत्तर पाठवते आणि मला उलटा एक घालते. परवाचा माझा: बांगडे शंभराला पाच, आईनं अडीचशे दिले, किती आणले? उत्तर आलं, 'साडेबारा, पण अर्धा बांगडा कोणी देत नाही, म्हणून बारा आणि पन्नास पैशांचा बांगडा मांजराला.' पन्नास पैशांचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

वाचनाचं उलट करतो. गोष्ट मी नाही वाचत, ती मला वाचून पाठवते. मी ऐकतो आणि एकच प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर गोष्टीत सरळ लिहिलेलं नाही. 'म्हातारी घरी का नाही गेली?' असं. बायको सांगते, मेसेज पाठवण्याआधी ती स्वतःच एकदा वाचून बघते. बाबा ऐकणार म्हणून.

पिसोळें (काणकोण) · २० नोव्हेंबर २०२४

मी आजी आहे, नातू चौथीत. तुमचं सगळं वाचते. माझी एक शंका. घरात आम्ही कोकणी बोलतो, शाळा मराठी. मुलानं विचार एका भाषेत करायचा आणि खूण दुसऱ्या भाषेत करायची. याचा कोणी विचार करतं का?

मास्तरीण (सत्तरी) · २१ नोव्हेंबर २०२४

आजी, प्रश्न बरोबर ठिकाणी बसलाय. या पाहणीत मुलांना घराविषयीही प्रश्न असतात. २०२१ साली देशभरातल्या ७८ टक्के मुलांनी सांगितलं होतं की घरची आणि शाळेची भाषा एकच. आपल्याकडची मुलं याचं उत्तर काय देत असतील याचं मला कुतूहल आहे. माझ्या वर्गातला अर्धा वर्ग घरी काय बोलतो ते सांगताना माझ्या तोंडाकडे बघतो, की टीचरला कोणतं उत्तर आवडेल.

घरी मात्र कोकणी बंद करून मराठी बोलायचा आटापिटा करू नका. गोष्ट मराठीत वाचा, तिच्यावर कोकणीत बोला. समजलंय की नाही ते घरच्या भाषेत जास्त चांगलं कळतं.

वाचक_म्हापसा · २१ नोव्हेंबर २०२४

मी ऐकलं की तिसरीच्या मुलाला मिनिटाला ६० शब्द वाचता यायला हवेत. मी मोबाइलवर वेळ लावून बघतेय. ४१ वर अडकलाय. काय करू?

मास्तरीण (सत्तरी) · २१ नोव्हेंबर २०२४

वेळ लावणं बंद करा.

'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेत तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द म्हटलंय, खरं आहे. पण 'अर्थासह' म्हटलंय, आणि ते फॉरवर्डमध्ये नेहमी गळतं. शिवाय 'घरासमोरच्या' हा मराठीत एक शब्द, त्यात किती वळणं! म्हणून २०२२ साली तिसरीच्या मुलांच्या वाचनाचा जो राष्ट्रीय अभ्यास झाला त्यात प्रत्येक भाषेचा निकष वेगळा ठेवला होता. घड्याळ दिसलं की मूल शब्द गाळतं आणि शेवटची अक्षरं गिळतं. आकडा वाढतो, वाचन उतरतं.

एवढं मोजायचंच असेल तर 'असर' या शिक्षणपाहणीची पद्धत वापरा. २००५पासून ग्रामीण भागात ते घरोघर जाऊन एकेका मुलाला बसवून बघतात. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. जिथवर सहज पोचला ती त्याची पायरी. शब्दांत पाचातले चार बरोबर आले तरी पास. गणितात संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकीला एक अंकी भागाकार. घड्याळाला महत्त्व नाही, पेन्सिल-पेपर मुलाच्या हातात, आणि घरच्यांच्या समोर. महिन्यातून एकदा बघितलंत तरी पुष्कळ.

विलायतेंतलो (स्विंडन) · २३ नोव्हेंबर २०२४

मूळचा डिचोलीचा, सध्या इंग्लंडात. तिथे तुम्ही एका सर्वेक्षणाला घाबरताय, आमच्याकडे तर रांगच आहे. पहिल्या वर्षाच्या (वर्ष म्हणजे इथली इयत्ता) शेवटी, जूनमध्ये, वाचनाची चाचणी. चौथ्या वर्षी पाढ्यांची, संगणकावर २५ प्रश्न, एका प्रश्नाला सहा सेकंद, बारापर्यंतचे पाढे. सहाव्या वर्षी मे महिन्यात मोठी. आणि इथे निकाल मुलाचा येतो, जिल्ह्याचा नव्हे.

पाढ्यांच्या चाचणीनं आमच्या थोरलीचं पोट दुखायचं. सहा सेकंदांत पाढा म्हणता येणं म्हणजे गणित येणं नव्हे, हे माझं मत मी शाळेतही सांगून आलोय. पण ती पहिली वाचनाची चाचणी मला चलाख वाटली. ४० शब्द असतात, त्यातले २० खोटे. कोणत्याच भाषेत नसलेले. मुलांना सांगतात ही परग्रहावरच्या प्राण्यांची नावं, शेजारी चित्रही असतं. पाठांतर करून आलेला पोर खोट्या शब्दावर पकडला जातो, कारण तो शब्द त्यानं कधी बघितलेलाच नसतो. अक्षरं जोडूनच वाचावा लागतो.

मी घरी मराठी शिकवताना हेच उचललं. भोमकी, तिळूर, गपेडा, झुंबाक, प्रेंदळ, कर्टू. आठवड्याला सहा नवे प्राणी. धाकटा वाचतो आणि तो प्राणी चितारतो. प्रेंदळला तीन शेपट्या आहेत.

आबोली (साखळी) · २३ नोव्हेंबर २०२४

हे आज संध्याकाळीच केलं. 'कर्टू' वाचला! 'कुर्ट' नाही, 'कट्रू' नाही. आणि मग त्यानं मला शब्द घातले, ते मला येईनात, त्यावर हसून लोळला. आमच्या घरात वाचनावरून हसणं पहिल्यांदाच झालं.

रगाडो (फोंडा) · २४ नोव्हेंबर २०२४

सगळं छान. पण तुम्ही तिसरीवर खिळलाय आणि गोव्यातला खरा खड्डा पाचवीत आहे. त्यावर कोणीच बोललेलं नाही म्हणून लिहितो.

आपली सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते. पाचवीला मूल हायस्कुलात जातं आणि तिथे बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी. चार वर्षं बेरीज-वजाबाकी, चढता क्रम, विषम संख्या, परिमिती असं शिकलेलं मूल जूनमध्ये नव्या इमारतीत बसतं आणि तेच सगळं दुसऱ्या नावानं येतं. माझी मुलगी चौथीत गणितात पहिली. पाचवीच्या पहिल्या चाचणीत निम्म्यावर आली. प्रश्न होता संख्या 'असेंडिंग ऑर्डर'मध्ये लिहा. तिनं उतरत्या लिहिल्या, एकही संख्या न चुकवता. प्रगतिपुस्तकात शेरा आला, गणितात लक्ष द्यावे.

आता बघा, ही पाहणी तिसरी झाल्यावर थेट सहावीला. सहावीचा गोव्यातला मराठीतून गेलेला विद्यार्थी तो पेपर कोणत्या माध्यमात देणार? शाळेच्या. म्हणजे जेमतेम दीड वर्षाच्या इंग्रजीवर तो गणित आणि परिसराचे प्रश्न वाचणार. कमी पडला तर तो गणितात कमी पडला की प्रश्न वाचण्यात, हे त्या आकड्यातून कसं कळणार?

फातर · २४ नोव्हेंबर २०२४

म्हणूनच आम्ही पहिलीपासून इंग्रजीत घातलं. प्रश्नच मिटला. १९९० साली प्राथमिकला फक्त मराठी-कोकणीला अनुदान केलं तिथेच चूक झाली, २०११ला इंग्रजीलाही देऊन सुधारली.

कुशावतीकाठ · २४ नोव्हेंबर २०२४

सुधारली? सरकारी मराठी शाळा ओस पडल्या त्याला काय म्हणायचं मग? तुमचं मूल इंग्रजीत वाचतं, पण आजीचं पत्र वाचू शकतं का?

व्यवस्थापक · २४ नोव्हेंबर २०२४

माध्यमाच्या वादासाठी वेगळा धागा आहे, आणि तो गेली कित्येक वर्षं न थकता चालू आहे. इथे घरी काय करता येईल तेवढंच. यापुढचे चार प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

मास्तरीण (सत्तरी) · २५ नोव्हेंबर २०२४

रगाडो यांचं म्हणणं मी आमच्या केंद्राच्या बैठकीत मांडणार आहे. चौथीचा शिक्षक आणि पाचवीचा शिक्षक एकमेकांना ओळखतही नाहीत, शाळाच वेगळ्या. आम्ही मूल हायस्कुलाच्या दारात सोडतो आणि दाखला देतो. ती मुलगी चौथीत काय करू शकत होती हे पाचवीच्या बाईंना सांगणारा कागद नसतो.

घरच्यांनी एवढं करावं: चौथीच्या गणिताच्या वह्या रद्दीत घालू नका. पाचवीत चाचणी घसरली तर वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. 'हिला हे येत होतं' असं नुसतं म्हणण्यापेक्षा तिच्या अक्षरातलं गणित दाखवणं वेगळं पडतं. भांडायला नव्हे, नुसतं दाखवायला जा.

पिसोळें (काणकोण) · २५ नोव्हेंबर २०२४

सहावीला परिसराचा पेपर म्हणालात. मग आमच्या चवथीच्या माटोळीचं सांगते, गणेशचतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगतो ती. यंदा नातवाला मी यादीचं काम दिलं. कांगणं, कवंडळ, आंबाडे, तोरिंग, सुपारीचं शिपटं, आणि रानातलं जे जे आणलं ते सगळं. समोर लिहायचं: झाडावर की वेलीवर, रानातलं की कुळागरातलं (बागायतीतलं), कोणी आणलं. मग मोजून रकाने भरायचे. त्यानं एकेका रकान्यासमोर चौकटी रंगवल्या, शाळेत स्तंभालेख शिकवला होता म्हणे. वेलीवरची वस्तू झाडावर चढलेली होती, आजोबांनी रानात नेऊन दाखवली. तो दिवस अभ्यासाचा होता हे त्याला अजून कळलेलं नाही, कृपा करून कोणी सांगू नका.

आबोली (साखळी) · ४ डिसेंबर २०२४

झालं सर्वेक्षण. आल्याबरोबर विचारलं, कसं होतं? 'बाहेरचे सर आले होते. गोल काळे करायचे होते. एक गोष्ट होती, ती चांगली होती.' एवढंच. मग खेळायला पळाला. गटावर एकजण अजून उत्तरपत्रिका जुळवतोय. मी गट म्यूट केला.

रगाडो (फोंडा) · २७ डिसेंबर २०२४

केंद्र सरकारनं स्वतःच्या शाळांसाठी पाचवी-आठवीत नापास न करण्याचं धोरण काढून टाकलं, सगळ्यांनी वाचलंच असेल. दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. केंद्रीय विद्यालयांतल्या पालकांना लगेच लागू. माझा मुद्दा तोच. आपल्याकडे मूल ज्या वर्षी शाळा, माध्यम, शिक्षक सगळं एकदम बदलतं, नेमकं तेच पाचवीचं वर्ष.

मास्तरीण (सत्तरी) · ३ फेब्रुवारी २०२५

असरचा नवा अहवाल आला. ग्रामीण भारतात तिसरीतली २७.१ टक्के मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकतात. २०२२ साली, शाळा बंद राहिल्यानंतर, हा आकडा २०.५ होता. सुधारणा आहे. पण चारात एक, हे वाचून मी माझ्या वर्गाकडे बघितलं आणि दुपारी तिसरीला एकेक करून बाहेर पायरीवर बसवून वाचायला लावलं. पहिली-दुसरीला तेवढ्या वेळात मातीत आकडे काढायला दिले. एकशिक्षकी शाळेत हे असंच होतं.

वाचक_म्हापसा · १० जुलै २०२५

धागा वर काढतेय. परखचा निकाल आलाय, टीव्हीवर सगळीकडे 'निम्म्या मुलांना पाढे येत नाहीत'. नक्की काय आहे ते कोणी सांगेल का? माझा मुलगा आता चौथीत. घड्याळ मी तेव्हाच बंद केलं होतं.

मास्तरीण (सत्तरी) · ११ जुलै २०२५

देशभरातून ७४,२२९ शाळा आणि २१ लाखांवर मुलं होती, ७८१ जिल्ह्यांतली. तिसरीची देशाची सरासरी भाषेत ६४ टक्के, गणितात ६०. सहावीत भाषा ५७, गणित ४६, परिसर ४९. तिसरीतली ५५ टक्के मुलं ९९पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमानं लावू शकली. दोन अंकी बेरीज-वजाबाकी ५८ टक्क्यांना जमली. टीव्हीवर जे चालू आहे ते सहावीचं: निदान दहापर्यंतचे पाढे आणि गणिती क्रियांचा वापर येणारी मुलं ५३ टक्के.

हे देशाचे आकडे आहेत, तुमच्या स्वयंपाकघरातल्या मुलाचे नव्हेत. 'बघ, टीव्हीवर तुझ्याबद्दल सांगतायत' असं काल एका आवयनं (आईनं) माझ्यासमोर मुलाला सुनावलं. तो दुसरीत आहे, त्यानं ती पाहणी दिलेलीसुद्धा नाही.

तिसरीपेक्षा सहावीत गणित घसरतं हे मात्र नीट बघण्यासारखं आहे. दोन्ही वर्गांची मुलं वेगळी, पेपर वेगळे, त्यामुळे 'त्याच मुलांची घसरण' असं म्हणता येणार नाही. तरी वर्गात मला जे दिसतं ते याच दिशेचं आहे. चौथीपर्यंत गणित हातानं करता येतं. पुढे अपूर्णांक, दशांश, मोजमाप येतं आणि हातातल्या वस्तू कपाटात जातात. पाढा पाठ असतो, पण 'सात मुलांना प्रत्येकी सहा पेरू' म्हटलं की बेरीज करू की गुणू विचारतात. घरात पाढे म्हणून घ्या, जरूर घ्या, पण मधेच थांबवून 'सहा साते बेचाळीस म्हणजे काय, एखादी गोष्ट सांग' असं विचारा. गोष्ट सांगता आली तर पाढा आला.

रगाडो (फोंडा) · ११ जुलै २०२५

माझी मुलगी आता सहावीत. आता गाडी रुळावर आहे. आम्ही एक वही केली होती, डाव्या बाजूला चौथीपर्यंत शिकलेलं मराठी नाव, उजवीकडे नव्या पुस्तकातलं, मध्ये एक उदाहरण सोडवलेलं. उदाहरण मध्ये ठेवायची कल्पना तिचीच. दर आठवड्याला नवीन धड्यातले चार-पाच. मी इंग्रजीत फार हुशार नाही, त्यामुळे पुष्कळदा तीच मला समजावायची, आणि त्यात तिचं पक्कं झालं. संख्या मात्र अजून मराठीत मोजते. तोंडानं 'त्रेपन्न' पुटपुटते आणि कागदावर बरोबर लिहिते. त्याला कोणी हात लावू नये असं मी बाईंना सांगितलंय.

पिसोळें (काणकोण) · १२ जुलै २०२५

आमचा नातू पाचवीत गेला. नवोदयचा, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेचा, अर्ज भरावा म्हणतोय. काणकोणातच नवोदय आहे, घराजवळ. पण मडगावात त्याचा मामा आहे, तो म्हणतो पाचवीला इथे शहरात चांगल्या हायस्कुलात घाला, मग बघू. कोणी जाणकार सांगेल का?

मास्तरीण (सत्तरी) · १२ जुलै २०२५

आजी, मामाला थांबवा! नवोदयच्या ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, आणि त्या जागेवर हक्क सांगायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. चौथीपर्यंत गावात आणि पाचवी शहरात झाली की ग्रामीण जागा गेली. आपल्याकडे पाचवीलाच शाळा बदलते, म्हणून अनेकजण इथे फसतात. नवी शाळा नगरपालिकेच्या हद्दीत येते की पंचायतीच्या, ते आधी बघा. त्याच जिल्ह्यात पाचवी शिकत असणंही लागतं.

परीक्षा एकदाच देता येते, दुसरी संधी नाही. १०० गुण, ८० प्रश्न, दोन तास. त्यातले ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे, त्यांनाच ५० गुण. गणित २० आणि भाषा २०, प्रत्येकी २५ गुण. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा रिकामं काही ठेवू नये. आणि अर्जात माध्यम निवडताना विचार करा. पाचवी इंग्रजीत सुरू झाली म्हणून सवयीनं इंग्रजी टाकू नका. चार वर्षं ज्या भाषेत तो गणित करत आलाय ती यादीत असेल तर ती घ्या. मुदत संकेतस्थळावर बघा आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, तेव्हा ते उघडतच नाही.

ही मात्र मुलाची स्वतःची परीक्षा. परखसारखी नव्हे. याला जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या तर उपयोग होतो, कारण आकृत्यांचे प्रश्न शाळेत बघायलाच मिळत नाहीत.

पिसोळें (काणकोण) · १२ जुलै २०२५

देव बरें करूं. मामाला फोन लावते. हायस्कूल पंचायतीच्या हद्दीत आहे, तेवढं मला माहीत आहे, आमच्याच वाड्यावरून रस्ता जातो.

आबोली (साखळी) · १३ जुलै २०२५

माझाही पुढच्या वर्षी पाचवीत जाणार. रगाडो, तुमच्या त्या वहीची दोन-तीन पानं इथे टाकाल का? मी आतापासूनच सुरू करते, चौथीच्या पुस्तकावरून. त्याला मराठी बाजू भरायला लावीन, इंग्रजी बाजू विलायतेंतले भरतील.

विलायतेंतलो (स्विंडन) · १३ जुलै २०२५

भरतो. बदल्यात प्रेंदळचे भाऊबंद पाठवा, आमच्याकडचे संपलेत.

रगाडो (फोंडा) · १३ जुलै २०२५

पानं टाकायला माझी हरकत नाही, पण वही तिची आहे. संध्याकाळी क्लासवरून नाही, खेळून आली की विचारतो. एका पानावर मी केलेली चूक तिनं लाल शाईनं गोल केलीय, ते पान ती नक्कीच आधी टाकायला सांगेल.